किती हरणं मारली तर हरणं टिकतात?

माझी भाची अमेरिकेत विस्कॉन्सिनला असते. तिथे नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी बंदुकीनं हरणं मारण्याचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. पहिल्याच वर्षी तिचा फोन आला. शेजारचे आजोबा पहाटे चार वाजता भडक केशरी जाकीट घालून निघाले आणि दुपारी पिकअपच्या हौद्यात हरीण टाकून परतले. "मामा, त्याच गाडीवर पाणथळ जागा वाचवा असा स्टिकर आहे! ते म्हणतात, निसर्ग आम्हीच राखतो. आणि वर सरकारनं आमच्या बंदुकीत आणि जमिनीत नाक खुपसू नये, असंही म्हणतात. माणूस तर फार सज्जन आहे. मग खरं काय?"

तिला फोनवर नीट उत्तर देता आलं नाही. आजोबांच्या म्हणण्यात राजकारण आहे, इतिहास आहे आणि एक अतिशय सुंदर गणितही आहे. ते गणित कळलं नाही तर उरलेल्या दोन्ही गोष्टींवर नुसतं भांडण होतं.

आधी थोडा इतिहास. इंग्लंडात राजाच्या जंगलातलं हरीण मारलं तर गरिबाला कडक शिक्षा होई. अमेरिकेत गेलेल्या लोकांनी ही चीड सोबत नेली. व्हरमाँटच्या १७७७ च्या घटनेतच शिकारीचा हक्क लिहिलेला आहे आणि आज वीसहून अधिक राज्यांच्या घटनांत तो आहे. तिथल्या ग्रामीण, परंपरावादी माणसाला शिकार ही स्वातंत्र्याची खूण वाटते ती यामुळे. पण याच स्वातंत्र्यानं एकोणिसाव्या शतकात जंगलं रिकामी केली. रेल्वे आली, शहरांत मांसाला भाव आला आणि बाजारासाठी मारणारे धंदेवाईक शिकारी माजले. आकाश झाकोळून टाकणारे प्रवासी कबुतरांचे थवे संपले. त्या जातीची शेवटची मादी मार्था १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. कोट्यवधी गवे होते, ते हजारावर आले.

यावर उपाय शोधणाऱ्यांत हौशी शिकारीच पुढे होते. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट स्वतः शिकारी, रिपब्लिकन पक्षाचे; त्यांनी १८८७ मध्ये शिकाऱ्यांचा, वन्यजीव राखण्यासाठीचा बून अँड क्रॉकेट क्लब काढला. आयोवाचे रिपब्लिकन खासदार जॉन लेसी यांच्या १९०० च्या कायद्यानं चोरून मारलेल्या प्राण्यांचा राज्याराज्यांतला व्यापार गुन्हा ठरला. १९३४ मध्ये बदकांच्या शिकाऱ्याला एक डॉलरचं तिकीट सक्तीचं झालं. पहिल्या तिकिटाचं चित्र काढलं व्यंगचित्रकार जे 'डिंग' डार्लिंग यांनी. आज त्या तिकिटाला २५ डॉलर पडतात आणि डॉलरमागे ९८ सेंट पाणथळ जागा विकत किंवा भाड्यानं घेण्याकडे जातात.

१९३७ चा पिटमन-रॉबर्टसन कायदा तर मला फार हुशारीचा वाटतो. बंदुका आणि काडतुसांवरचा ११ टक्के अबकारी कर (पुढे पिस्तुलांवरचा १० टक्केही) थेट राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवायचा. पण एक अट: शिकार परवान्याची फी दुसऱ्या कामाला वापरणार नाही, असा कायदा राज्यानं आधी करायचा. ही अट घालणारे विलिस रॉबर्टसन व्हर्जिनियाच्या शिकार आयोगाचे अध्यक्ष राहिलेले होते. वन्यजीवांचा पैसा रस्त्यांत कसा मुरतो हे त्यांना ठाऊक असणार. अलीकडे या करातून वर्षाला सुमारे एक अब्ज डॉलर जमतात. सरकारवर विश्वास नसलेल्या माणसानं सरकारला पैसे द्यावेत, पण ते कुठे खर्च होतील हे आधीच बांधून घ्यावं, अशी ही रचना आहे. एडमंड बर्क हा परंपरावाद्यांचा आद्य विचारवंत. समाज म्हणजे हयात माणसं, होऊन गेलेली माणसं आणि अजून जन्माला यायची माणसं यांची भागीदारी, असं तो म्हणे. हा कायदा त्या विचाराच्या जवळ जातो.

आता गणिताकडे येतो. मला खरं तर एवढंच सांगायचं होतं.

आपल्या मनात हिशोब सरळ असतो: हजार हरणं होती, शंभर मारली, नऊशे उरली. निसर्गात ही वजाबाकी अशी चालत नाही. समजा एका रानात हिवाळ्यात हजारच हरणांना पुरेल एवढा चारा आहे. उन्हाळ्यात पाडसं होतात आणि कळप दीड हजारांवर जातो. शिकार झाली नाही तर हिवाळ्यात पाचशे उपासानं, थंडीनं, रोगानं मरतात. शिकाऱ्यांनी नोव्हेंबरात तीनशे मारली, तर बाराशे हिवाळ्यात शिरतात आणि दोनशेच मरतात. वसंतात दोन्ही वेळा हजारच! शिकारीत जेवढे मेले तेवढे उपासमारीनं कमी मेले; शिकारीतले मृत्यू असे 'भरून निघाले'. तीच शिकार सातशेवर गेली, तर आठशेच उरतात. आता भरून निघायला काही नाही. प्रत्येक गोळी कळपातून खरोखर एक हरीण कमी करते. हे झाले 'भर पडणारे' मृत्यू. या दोहोंमधला उंबरठा कुठे आहे, यावरच सगळं ठरतं.

चाऱ्याची मर्यादा ही पुस्तकी कल्पना नाही. बेरिंग समुद्रातल्या सेंट मॅथ्यू बेटावर १९४४ मध्ये २९ रेनडियर सोडले. लांडगे नव्हते, माणसांची वस्ती नव्हती. १९६३ मध्ये ते सहा हजार झाले, दगडफूल खाऊन संपलं, पुढचा हिवाळा भयंकर निघाला आणि १९६६ मध्ये ४२ उरले. त्यांतला नर एकच, तोही प्रजननास असमर्थ. 'माणसानं हात लावला नाही की निसर्ग आपोआप तोल सांभाळतो' असं म्हणणाऱ्यांनी हे बेट आठवावं. तोल सांभाळला जातो, पण कधी कधी असा.

पुढची पायरी जरा अवघड आहे, पण सोडवत नाही. कळपाची वर्षाची वाढ अशी मांडतात:

वाढ = द × स × (१ − स ÷ क)

'स' म्हणजे संख्या, 'क' म्हणजे रानाची धारणक्षमता (रान जास्तीत जास्त किती हरणं पोसू शकतं), 'द' म्हणजे मोकळं रान मिळाल्यावर वाढण्याचा दर. क १००० आणि द ०.४ धरा. १०० हरणं असताना वाढ ३६, कारण आयाच कमी. ९०० असतानाही ३६, कारण चाराच कमी. आणि ५०० असताना पूर्ण १००. म्हणजे अर्ध्या भरलेल्या रानातून सर्वांत जास्त उत्पन्न निघतं. मग कळप ५०० वर आणून दर वर्षी १०० मारायला परवानगी द्यावी?

इथेच फसगत आहे. एका वर्षी दुष्काळ पडला आणि ४५० उरली. वाढ झाली ९९, परवाने मात्र १००. पुढच्या वर्षी ४४९, वाढ त्याहून थोडी कमी. घसरण आधी दिसतही नाही, मग वेग घेते आणि शेवटी कळप संपतो. आता नियम बदला: १०० हरणं नाही, कळपाचा पाचवा हिस्सा. ४५० असताना ९० मारली, वाढ ९९. कळप नऊनं वाढला आणि आपोआप ५०० कडे चालू लागला. ठरावीक आकड्यानं रान बुडतं, ठरावीक हिश्श्यानं तरतं. मी पहिल्यांदा हे कागदावर करून पाहिलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती.

हिस्सा घ्यायचा तर दर वर्षी मोजणी हवी. अमेरिकेत आणि कॅनडात १९५५ पासून मे महिन्यात वैमानिक-जीवशास्त्रज्ञ दलदलींवरून अगदी खालून विमानं उडवत बदकं आणि तळी मोजतात. हजारो बदकांच्या पायात क्रमांकाचं कडं घालतात. शिकाऱ्याला ते सापडलं की तो कळवतो. याच कड्यांच्या नोंदींवरून १९७६ मध्ये डेव्हिड अँडरसन आणि केनेथ बर्नहॅम यांनी दाखवलं की मॅलार्ड बदकांच्या बाबतीत एका उंबरठ्यापर्यंत शिकारीचे मृत्यू भरून निघत असावेत. वाद पेटला. तो मिटेना, म्हणून १९९५ मध्ये सरकारनं जे केलं ते विज्ञानाच्या इतिहासात दुर्मीळ आहे. मृत्यू भरून निघतात की भर घालतात, आणि गर्दीचा प्रजननावर परिणाम मोठा की छोटा, या शक्यता जोडून चार गणिती प्रतिमानं (मॉडेलं) तयार केली आणि चौघांना सुरुवातीला सारखंच वजन दिलं. दर वर्षी चारही प्रतिमानांनी भाकीत करायचं, मेमध्ये मोजणी करायची, ज्याचं भाकीत जवळ गेलं त्याचं वजन बेझच्या नियमानं (नव्या पुराव्यावरून जुना अंदाज सुधारायचं सूत्र) वाढवायचं आणि त्यावरून पुढच्या हंगामाचा नियम ठरवायचा. आपल्या अज्ञानासकट निर्णय घेण्याची ही पद्धत मला लोकशाहीलाही शोभेशी वाटते.

या सगळ्याशी चोरट्या शिकारीचं काही नातं नाही, हे इथेच सांगतो. आपल्याकडे गुप्तधन सापडतं म्हणून मांडूळ पकडतात. त्याची शेपटी बोथट असल्यानं तो दोन तोंडांचा वाटतो, एवढंच. घोरपडीच्या तेलानं सांधे सुटत नाहीत आणि खवल्या मांजराचे खवले म्हणजे आपल्या नखांतलंच केराटिन. या जाती किती उरल्या, कोणी किती नेल्या, याची मोजणीच नाही. जिथे 'स' माहीत नाही तिथे हिस्सा कशाचा काढणार?

आजोबांच्या बाजूनं आणखी एक गोष्ट आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणं पाच लाखांच्या आसपास उरली होती. आज सुमारे तीन कोटी आहेत. पण 'शिकार म्हणजेच संवर्धन' ही घोषणा मला मान्य नाही. बंदुका घेणाऱ्यांतले कितीतरी जण कधीच शिकारीला जात नाहीत, तरी त्यांचा कर याच खात्यात जमतो. हा पैसा वर्षानुवर्षं मुख्यतः शिकारीच्या प्राण्यांकडे वळला. बेडूक आणि फुलपाखरं मागे राहिली. कॅनडात अल्बर्टातल्या रॅम माउंटनवर सर्वांत मोठ्या शिंगांचे मेंढे निवडून मारले गेले, तेव्हा काही पिढ्यांत शिंगं आणि अंगही लहान होत गेल्याचं २००३ च्या अभ्यासात दिसलं. वरचं समीकरण हरणं मोजतं, पण कोणतं हरीण हे त्याला कळत नाही. शिशाचा प्रश्न तर उघडच आहे. छर्रे गिळून पाणपक्षी मरतात म्हणून १९९१ पासून बदकांच्या शिकारीत शिसं देशभर बंद झालं. तरी इतर शिकारीतलं शिसं बंद करायची गोष्ट निघाली की अनेक जण स्वातंत्र्याची ढाल पुढे करतात, आणि शिकाऱ्यानं टाकलेली आतडी खाऊन कॅलिफोर्नियाचा काँडर गिधाड विषबाधेनं मरतो. दुसऱ्याच्या पोटात विष जाईपर्यंत ताणलेलं स्वातंत्र्य बर्कच्या भागीदारीत बसत नाही.

भाचीनं पुढे विचारलं, आपल्याकडे हे का नाही? आपल्याकडे शिकार हा राजेरजवाड्यांचा मान होता, मोजमापाशी त्याचा संबंध नव्हता. १९४७ मध्ये कोरिया संस्थानाच्या (आजच्या छत्तीसगडातलं) महाराजांनी तीन चित्ते मारले, ते भारतातले अखेरचे मूळ चित्ते मानले जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली ती योग्यच झाली. आज रानडुक्कर आणि नीलगाय शेतकऱ्याचं पीक तुडवतात, हे दुःख खरं आहे, आणि त्यांना मारू द्या ही मागणीही मी समजू शकतो. बिहारनं २०१५ मध्ये काही जिल्ह्यांपुरती तशी परवानगी मिळवलीही. पण रानात किती डुकरं आहेत, गेल्या वर्षी किती होती, हे कोणी सांगितल्याशिवाय हिस्सा ठरणार कसा? परवान्याच्या आधी मोजणारी माणसं नेमा, एवढंच माझं मागणं आहे.

गेल्या डिसेंबरात भाचीनं एक फोटो पाठवला. आजोबांनी मारलेल्या मॅलार्डच्या पायात कडं निघालं. त्यांनी क्रमांक कळवला, आणि काही दिवसांनी प्रमाणपत्र आलं: सहा वर्षांपूर्वी कॅनडातल्या सस्कॅचेवानमध्ये कडं घातलं होतं, तेव्हा उडताही येत नव्हतं. आजोबांनी ते चौकटीत लावलंय. नकाशावर तिथून आपल्या तळ्यापर्यंत त्यांनी पेन्सिलीनं एक रेघ ओढली आणि भाचीला जवळ बोलावून विचारलं, सहा वर्षांत हा किती वेळा माझ्या डोक्यावरून गेला असेल?