आजीची 'मोगलाई' औरंगजेबाची नव्हे

"काय मोगलाई लागून गेली का?" हा सवाल चाळीसगावच्या बाजारात आजही ऐकू येतो. यातली मोगलाई म्हणजे औरंगजेबाचा काळ, असं आपण सरसकट धरून चालतो. व्हॉट्सॲपवरही हेच फिरतं. पण खान्देशातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी हा शब्द इतका जुना नव्हता.

माझी आजी म्हणायची, "मन्हं माहेर मोगलाईमा." तिचं माहेर कन्नड तालुक्यातलं, म्हणजे औट्रम घाट चढला की पलीकडे. घाटाखाली इंग्रजांचा खान्देश, घाटावर निजामाचं हैदराबाद संस्थान. तिथलं नाणं वेगळं, हाली सिक्का. माल नेताना करोडगिरीही, म्हणजे सरहद्दीवरची जकात, भरावी लागे. भाऊबीजेला माहेरी जाणं म्हणजे तिच्या लेखी दुसऱ्या राज्यात जाणं. अजिंठ्याची लेणीसुद्धा तेव्हा मोगलाईतच.

निजामाच्या मुलखाला हे नाव का पडलं? पहिला निजाम हा मोगल बादशहाचा दख्खनचा सुभेदार. 1724 नंतर तो जवळजवळ स्वतंत्र झाला, तरी नावाला बादशहाचाच राहिला. म्हणून पेशव्यांच्या कागदांत निजामाला सरळ 'मोगल' म्हटलेलं सापडतं. दिल्लीची बादशाही 1857 नंतर बुडाली, आपल्या बोलीतली मोगलाई मात्र निजामाचं राज्य संपेपर्यंत, म्हणजे 17 सप्टेंबर 1948 पर्यंत घाटावर नांदत होती.

तेव्हा घरातलं कुणी जुनं माणूस 'मोगलाईच्या टायमाले' म्हणालं, तर लगेच तीनशे वर्षं मागं जाऊ नका. कुठल्या गावची गोष्ट, ते आधी विचारा.