संगणकांवरचा खर्च आणि शिक्षकांचे तास

विद्यापीठांत संगणक म्हणजे खोलीभर पसरलेलं एकच यंत्र होतं, तोवर हिशोबाला फारशी अडचण नव्हती. पगारपत्रकं, निकाल, संशोधनाची आकडेमोड अशी कामं ठरलेली होती आणि खर्च एकाच खात्यात पडायचा. टेबलाटेबलावर पीसी आले आणि हा हिशोब विस्कटला. संगणक सगळीकडे दिसतात, फक्त उत्पादकतेच्या आकडेवारीत दिसत नाहीत, असा टोला एका अर्थतज्ज्ञाने १९८७ मध्ये मारला. त्याच सुमारास खरेदीच्या बिलात दुरुस्ती, प्रशिक्षण आणि यंत्र बंद असतानाचा वाया गेलेला वेळही धरायची पद्धत उद्योगांत रुळू लागली. पुढे ती विद्यापीठांतही आली.

खरा वाद पेटला तो शिक्षकांच्या वेळेवरून. अमेरिकेत १९९९ पासून ३० उच्चशिक्षण संस्थांनी गर्दीच्या, सुरुवातीच्या पातळीवरच्या अभ्यासक्रमांची तंत्रज्ञानाच्या आधारे फेरमांडणी केली. व्याख्यान, प्रश्नपत्रिका काढणं, उत्तरं तपासणं, शंकानिरसन अशा प्रत्येक कामाचे तास लिहून त्यांना वेतनाचा दर लावला. खर्च सरासरी ३७ टक्के घटल्याचं जाहीर झालं. टीकाकारांनी लगेच बोट ठेवलं: पगार तर तेवढाच जातो, मग बचत कुठे आहे? त्याच शिक्षकाने जास्त विद्यार्थी घेतले किंवा नवी नेमणूक टळली, तरच तिजोरीत फरक पडतो. मुद्दा बिनतोड आहे. पण तास मोजलेच नाहीत तर ते फुकट धरले जातात, आणि नव्या प्रणालीवर रात्री जागून प्रश्नसंच चढवणाऱ्या शिक्षकाची मेहनत कुठल्याच रकान्यात येत नाही. हे नुकसान मला जास्त मोठं वाटतं. व्यवस्थापनांनी मात्र सोयीचा ३७ चा आकडा उचलला आणि तासांचा तक्ता बाजूला ठेवला.

क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून दुसऱ्याच्या यंत्रांवर चालणारी सेवा, आल्यावर एकरकमी खरेदीची जागा वार्षिक वर्गणीने घेतली. २०२० मध्ये वर्ग रातोरात ऑनलाइन गेले, तेव्हा या प्रणालींचा उपयोग किती होतो, हे तपासायला कुणाला सवडच नव्हती. नंतर लॉगिनची संख्या हाच पुरावा म्हणून पुढे येऊ लागला. गृहपाठ दुसरीकडे जमाच करता येत नसेल, तर विद्यार्थी लॉगिन करणारच! आता प्रश्न उठतो तो कराराच्या नूतनीकरणाला. तोवर गुणपत्रकं, प्रश्नपेढ्या, जुने अभ्यासक्रम सगळं त्याच प्रणालीत अडकलेलं असतं, आणि ते बाहेर काढण्याचा खर्च मूळ प्रस्तावात सहसा धरलेलाच नसतो.