घाटवाटा : सह्याद्रीतल्या पायवाटांची पार्श्वभूमी

मराठीत ‘घाट’ हा शब्द मुळात डोंगराला नव्हे, तर डोंगर चढण्या-उतरण्याच्या वाटेला लावला जातो. ‘घाट उतरून गेला’ असे आपण म्हणतो तेव्हा तो कोणत्या वाटेने कोकणात गेला हे अभिप्रेत असते. कोकणातून देशावर चढणाऱ्या या वाटांचे नाव युरोपीयांनी पुढे अख्ख्या पर्वतरांगेला दिले आणि सह्याद्रीचा ‘पश्चिम घाट’ झाला. आज शनिवार-रविवारी पाठपिशव्या घेऊन लोक ज्या पायवाटांवर जातात, त्यांपैकी बहुतेक वाटा फिरण्यासाठी पाडलेल्या नाहीत. मीठ, भात, जकात, फौजा, वऱ्हाडे आणि यात्रेकरू यांच्या पायांनी त्या मळल्या आहेत. ‘ट्रेक रूट’ हे त्यांचे अगदी अलीकडचे नाव आहे.

या वाटा जिथे आहेत तिथेच का आहेत, याचे उत्तर खडकात सापडते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून बेसॉल्टचे थर एकावर एक पसरले. त्यांची पश्चिमेकडची कड कोकणाच्या बाजूला पायऱ्यापायऱ्यांनी तुटलेली आहे. वरच्या उभ्या कड्याच्या पायथ्याशी अनेक ठिकाणी जी रुंद सपाटी लागते तिला ‘पदर’ म्हणतात. भीमाशंकरखालच्या पदरगडाच्या नावात तो शब्द टिकून आहे. कडा ओलांडायचा तर पाण्याने कोरलेली, दगडगोट्यांनी भरलेली नाळ शोधायची किंवा खाली झेपावणाऱ्या सोंडेवरचा दांड धरायचा, हेच दोन मार्ग उरतात. वाटांची नावेही त्यांचे स्वरूप सांगतात. बोराट्याची नाळ, नाणदांड घाट, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट ही त्यातलीच. भीमाशंकरच्या परिसरात शिडी घाट आणि बैलघाट अशी दोन नावे ऐकू येतात. एका वाटेवर माणसालाही शिडी लागते आणि दुसरीवरून लादलेला बैल जाई, एवढा फरक ती दोन नावेच सांगून टाकतात.

सर्वांत जुना स्पष्ट पुरावा नाणेघाटाचा. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखरे गावाजवळून चढणारी ही फरसबंद वाट माथ्यावर एका अरुंद खिंडीतून जुन्नरच्या बाजूला निघते. खिंडीच्या तोंडाशी कोरलेल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे, आणि तो साधारणपणे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानला जातो. त्यात अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्या वेळी दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण नाण्यांच्या दक्षिणेची नोंद आहे. या दानांचे आकडे लिहिताना वापरलेली चिन्हे भारतीय अंकलेखनाच्या आरंभीच्या नमुन्यांत मोडतात. याच लेण्यात राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज त्यांची फक्त पावले आणि वर कोरलेली नावे शिल्लक आहेत. राजघराण्याने आपला वैभवलेख राजधानीत न कोरता एका चढावाच्या टोकाशी कोरावा, यावरून त्या चढावाचे मोल समजते. सोपारा आणि कल्याण या बंदरांतला माल जुन्नरमार्गे प्रतिष्ठानकडे, म्हणजे पैठणकडे, जाण्याची ही वाट होती. खिंडीजवळचा मोठा दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता असे परंपरा सांगते. जुन्नरभोवतीच्या लेण्यांत यवन, म्हणजे ग्रीक, दात्यांचे लेख आहेत आणि बोरघाटाच्या आसपास कार्ले, भाजे, बेडसे व पायथ्याची कोंढाणे ही लेणी आहेत. लेण्यांचा आणि घाटवाटांचा नकाशा एकमेकांवर ठेवला तर व्यापारी, दान आणि विश्रांतीची जागा यांचा संबंध वेगळा सांगावा लागत नाही.

पुढची अनेक शतके वाहतुकीचे साधन फारसे बदलले नाही. पाठीवर गोणी लादलेल्या बैलांचे लमाणांचे व वंजाऱ्यांचे तांडे कोकणातून मीठ, तांदूळ, नारळ आणि सुकी मासळी वर आणत आणि देशावरचे धान्य, गूळ, तूप खाली नेत. वाटेच्या कडेला खोदलेली पाण्याची टाकी, अवघड जागी कोरलेल्या पायऱ्या आणि चढ सुरू होण्यापूर्वी किंवा संपल्यावर भेटणारे वाघजाईचे ठाणे या तीन खुणा एकत्र दिसल्या की ती वाट जुनी आणि वाहती होती असे बहुधा खुशाल समजावे.

जिथे माल जातो तिथे जकात येते, आणि जकातीमागून किल्ला येतो. नाणेघाटाभोवती जीवधन, चावंड आणि हडसर उभे आहेत. सवाष्णी घाटाच्या परिसरात खाली सुधागड आणि वर घनगड आहे. आपल्याकडे किल्ल्यांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आणि वाटांचा त्या मानाने फार थोडा, हे मला नेहमीच उलटे वाटत आले आहे, कारण यांतले अनेक किल्ले वाटेसाठी बांधले गेले, वाटा किल्ल्यांसाठी नव्हेत. शिवकाळात तर वाटेची जाण हेच शस्त्र होते. फेब्रुवारी १६६१ मध्ये शाइस्ताखानाने कोकणात पाठवलेला कारतलबखान लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याकडून खाली उतरला. त्याची अवजड फौज उंबरखिंडीच्या दाट रानात, अरुंद वाटेवर अडकली आणि शिवाजी महाराजांच्या तुलनेने लहान सैन्यापुढे त्याला शरण जावे लागले. तानाजी मालुसऱ्यांचा देह सिंहगडावरून त्यांच्या गावी उमरठला मढे घाटाने नेला, अशी परंपरा आहे, आणि घाटाचे नाव त्यावरूनच पडल्याचे स्थानिक लोक सांगतात.

या वाटांचे भवितव्य पालटले ते लढाईने नव्हे, रस्त्याने. १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातून चाकाच्या गाड्या जातील असा रस्ता खुला झाला. खंडाळा ते पुणे रेल्वे १८५८ मध्ये सुरू झाली, पण मधला घाट पूर्ण व्हायला १८६३ साल उजाडले. तोवर खंडाळा आणि खोपोली यांच्यामधला टप्पा प्रवासी पालखीने किंवा मिळेल त्या वाहनाने पार करत. १८६५ मध्ये थळघाटातूनही आगगाडी धावू लागली. बैलाच्या पाठीवरचा माल गाडीत आणि गाडीतला रेल्वेच्या वाघिणीत गेला. पुढे कुंभार्ली, वरंधा, आंबेनळी असे रस्ते झाले आणि शेकडो वाटांची वाहतूक मूठभर घाटांत एकवटली. उरलेल्या वाटा लगेच मोडल्या मात्र नाहीत. घाटाखालच्या आणि घाटावरच्या गावांत सोयरिकी होत्या, बाजार होते, भीमाशंकरची यात्रा होती. लेकीला माहेरी आणायला खिंड चढून जाणे हा कैक घरांचा रिवाज होता. या न लिहिलेल्या रहदारीनेच वाटा जिवंत ठेवल्या.

१८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगले आखली गेली आणि राब (पेरणीपूर्वी शेतात पालापाचोळा जाळणे), लाकूडफाटा, गुरचराई यांवर बंधने आली. ज्यांच्या पायांनी रानातल्या आडवाटा मळल्या होत्या, त्या महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी लोकांच्या वावरावर त्याचा थेट परिणाम झाला. आहुप्यासारख्या ठिकाणी दाट झाडी टिकली त्याचे बरेचसे श्रेय देवराईच्या धाकाला आहे. नद्यांच्या खोऱ्यांत बदल आणखी मोठा होता. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तरी धरण झाले; शेतीबरोबर घाटमाथ्याकडे जाणाऱ्या गाववाटाही पाण्याखाली गेल्या. कोयनेच्या शिवसागर जलाशयाने तेच केले. वासोटा किल्ल्यावर जाणारा आज बामणोलीहून लाँचने पाणी ओलांडतो आणि वनखात्याची परवानगी घेऊन अभयारण्यात शिरतो. एकेकाळी हीच माणसांच्या येण्याजाण्याची खोरी होती आणि नागेश्वरमार्गे चोरवण्याकडे उतरणारी वाट त्या रहदारीची साक्ष देते.

हौसेची भटकंती यानंतरची. १९५० च्या दशकात मुंबईत गिरिविहारसारख्या गिर्यारोहण संस्था उभ्या राहिल्या. पुढे महाविद्यालयीन गटांतून दुर्गभ्रमण लोकप्रिय झाले. आरंभी ओढा किल्ल्यांकडे होता. घाटवाट हे गडावर पोहोचण्याचे साधन मानले जाई, तिच्यासाठी म्हणून कोणी मुद्दाम जात नसे. केवळ वाटा जोडत जाणे, एका नाळेने चढून दुसरीने उतरणे, हा छंद मागाहून रुजला, आणि तोही गावातल्या वाटाड्याच्या आधारावर. गावांपर्यंत डांबरी रस्ता आणि एसटी पोहोचल्यावर तरुण मंडळी घाट चढेनाशी झाली, त्यामुळे कित्येक नाळांची नेमकी वाट आता गावातले म्हातारेच सांगू शकतात. न वापरलेली वाट दोन-तीन पावसाळ्यांत कारवीत आणि दरडीत हरवते.

नाणेघाटाच्या माथ्यापर्यंत आता जुन्नरहून घाटघरमार्गे गाडी जाते. पावसाळ्यात वाऱ्याने उलटे उडणारे पाणी पाहायला माथ्यावर गर्दी लोटते, रांजणाशेजारी छायाचित्रे काढली जातात आणि बहुतेक मंडळी तिथूनच माघारी फिरतात. ज्या चढासाठी हे सारे कोरले गेले, तो वैशाखऱ्याचा फरसबंद घाट लेण्याच्या खालच्याच पायरीपासून सुरू होतो.