डॉसच्या प्रारंभ फायली

एमएस-डॉस किंवा पीसी-डॉस या कार्यप्रणालींवर (ऑपरेटिंग सिस्टिम) चालणारा संगणक सुरू होताना ज्या ठरावीक फायली एकामागून एक मेमरीत येत, त्या या प्रणालीच्या प्रारंभ फायली. १९८१ साली आयबीएम पीसी बाजारात आला, तेव्हापासून विंडोज ९८पर्यंत हा क्रम थोड्याफार फरकाने टिकला.

संगणक चालू करताच बायोस हा यंत्रातच बसवलेला प्रोग्रॅम यंत्रभाग तपासतो आणि डिस्कवरचा ५१२ बाइटचा बूट सेक्टर, म्हणजे सुरुवातीचा छोटा प्रोग्रॅम असलेला भाग, मेमरीत आणतो. हार्ड डिस्क असेल तर त्याआधी विभाजनाचा तक्ता वाचला जातो. एवढ्याशा जागेत फायली शोधणारा पुरा प्रोग्रॅम मावत नाही. म्हणून जुन्या आवृत्त्यांत डॉसचा गाभा असलेल्या 'आयओ.सिस' आणि 'एमएसडॉस.सिस' याच रूट डिरेक्टरीतल्या (डिस्कवरच्या मुख्य यादीतल्या) पहिल्या दोन नोंदी असाव्या लागत. नुसत्या कॉपी केलेल्या फायलींनी फ्लॉपी बूट होत नसे (तिच्यावरून संगणक सुरू होत नसे), ती 'सिस' कमांडने किंवा 'फॉरमॅट'ला '/एस' जोडून तयार करावी लागे. चुकून पुसल्या जाऊ नयेत म्हणून या दोन्ही फायली लपवलेल्या असत. आयबीएमच्या पीसी-डॉसमध्ये त्यांची नावे 'आयबीएमबायो.कॉम' आणि 'आयबीएमडॉस.कॉम' अशी होती.

पुढची 'कमांड.कॉम' ही फाइल वापरणाऱ्याला प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड लिहायची जागा, देई. मेमरी वाचवण्यासाठी तिचा एक भाग वरच्या टोकाला ठेवलेला असे आणि मोठा प्रोग्रॅम त्यावर खुशाल लिही. प्रोग्रॅम संपला की तो भाग डिस्कवरून पुन्हा वाचावा लागे. फक्त फ्लॉपीवर काम करणाऱ्यांना मधूनच डॉसची डिस्क घालावी लागे, ती यामुळे.

या व्यवस्थेचा सर्वांत मोलाचा भाग मात्र 'कॉन्फिग.सिस' आणि 'ऑटोएक्झेक.बॅट' या दोन साध्या मजकूर फायली. पहिलीत ड्रायव्हर (उपकरणे चालवणारे प्रोग्रॅम) आणि मेमरीची मांडणी, दुसरीत प्रॉम्प्टआधी आपोआप चालायच्या कमांड. प्रोग्रॅमसाठी जेमतेम ६४० किलोबाइट मेमरी, आणि माउस, सीडी-रॉम, साउंड कार्ड यांचा प्रत्येक ड्रायव्हर त्यातच वाटा मागणारा. १९९१च्या एमएस-डॉस ५ने यावर चांगला उपाय दिला. 'हायमेम.सिस' हा मेमरी हाताळणारा ड्रायव्हर चढवून 'डॉस=हाय' लिहिले की डॉसचा बराचसा गाभा १ मेगाबाइटच्या वर जाई. इंटेलच्या ३८६ प्रोसेसरच्या यंत्रावर 'ईएमएम३८६' वापरून ड्रायव्हरही ६४० किलोबाइटच्या वरच्या मोकळ्या जागेत हलवता येत, पण ओळींचा क्रम पाळावा लागे: हायमेम आधी, ईएमएम३८६ नंतर. एखादा गेम चालावा म्हणून काही किलोबाइट मोकळे करताना कित्येक जण मेमरीची रचना शिकले. पुढे संगणक जितके सोपे झाले, तितके हे शिक्षण दुर्मीळ झाले. एमएस-डॉस ६मध्ये एफ५ दाबून या दोन्ही फायली वगळता येत आणि एफ८ने 'कॉन्फिग.सिस'मधली एकेक ओळ विचारून चालवता येई. चुकीच्या ओळीने अडकलेले यंत्र सोडवायला ही मोठीच सोय होती.

ड्राइव्हमध्ये साधी फ्लॉपी राहिली तर 'नॉन-सिस्टिम डिस्क' हा संदेश दिसे. पण तोवर तिचा बूट सेक्टर चाललेला असे, आणि बूट विषाणू नेमके याच वाटेने शिरत. १९८६ साली लाहोरमध्ये लिहिलेला 'ब्रेन' हा त्यांतला सर्वांत जुन्यांपैकी एक.

विंडोज ९५मध्ये 'एमएसडॉस.सिस'चे काम 'आयओ.सिस'मध्येच सामावले आणि जुने नाव एका सेटिंग फाइलला मिळाले. विंडोज एनटीच्या घराण्यात संगणक सुरू करण्यासाठी 'एनटीएलडीआर' आणि 'बूट.आयएनआय' या फायली आल्या. १९९४ साली जिम हॉल यांनी सुरू केलेल्या फ्रीडॉस या मुक्त डॉसमध्ये गाभा 'कर्नल.सिस' या एकाच फाइलमध्ये आहे, आणि जुने डॉस प्रोग्रॅम त्यावर आजही चालवले जातात.