रुबीतील लूपचे बेंचमार्किंग

रुबी या प्रोग्रॅमिंग भाषेत एकच काम पुनःपुन्हा करून घेण्याचे जे वेगवेगळे मार्ग आहेत, त्यांना लागणारा वेळ मोजून तुलना करणे म्हणजे लूपचे बेंचमार्किंग. युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ मध्ये जाहीर केलेल्या या भाषेत व्हाइल, अनटिल, फॉर, लूप, टाइम्स, अपटू, ईच असे भरपूर पर्याय असल्याने ‘यातला वेगवान कोणता?’ हा प्रश्न नवशिक्यांना हमखास पडतो.

व्हाइल हा भाषेच्या व्याकरणाचाच भाग आहे. त्याच्या बाइटकोडमध्ये, म्हणजे रुबी आतून चालवते त्या सोप्या सूचनांमध्ये, अट तपासायची आणि मागे उडी मारायची, एवढेच असते. ईच आणि टाइम्स या मात्र मेथड, म्हणजे नाव घेऊन बोलावायच्या क्रिया आहेत. प्रत्येक फेरीत त्या ब्लॉक, म्हणजे त्यांना दिलेला कोडचा तुकडा, चालवतात आणि त्याचा खर्च दरवेळी पडतो. फॉर दिसतो वेगळा, पण आतून ईचच चालवतो. त्याचे वेगळेपण वेगात नाही. त्यातला व्हेरिएबल लूप संपल्यावरही शिल्लक राहतो.

म्हणूनच रिकाम्या लूपच्या चाचणीत सहसा व्हाइल पुढे राहतो. पण अशी चाचणी ब्लॉक चालवण्याचा खर्च मोजते, प्रोग्रॅमचा वेग नव्हे. लूपच्या आत डेटाबेसला एक क्वेरी गेली तरी हा फरक कुठल्या कुठे विरून जातो. तेवढ्यासाठी सुबक ईच मोडून व्हाइल लिहिणे बहुतेक वेळा चुकीचेच ठरते.

मोजण्यासाठी रुबीची स्वतःची बेंचमार्क लायब्ररी आहे. ती यूजर (प्रोग्रॅमच्या कोडवर प्रोसेसरने घालवलेला वेळ), सिस्टिम (ऑपरेटिंग सिस्टिमच्या कामावरचा वेळ), टोटल (प्रोसेसरचा एकूण वेळ) आणि रिअल (घड्याळाने गेलेला वेळ) असे चार आकडे देते. तिच्यातली बीएमबीएम ही मेथड आधी रंगीत तालीम घेते आणि मग खरी मोजणी करते, म्हणजे मेमरी मिळवण्याचा आणि गार्बेज कलेक्शनचा (वापरात नसलेली मेमरी मोकळी करण्याचा) भार पहिल्याच स्पर्धकावर पडत नाही. इव्हान फिनिक्स यांचे बेंचमार्क-आयपीएस हे जेम (रुबीत वेगळे बसवायचे पॅकेज) सेकंदाला किती आवर्तने होतात ते चढउतारासह सांगते. फेऱ्यांची संख्या आपण ठरवावी लागत नाही.

सर्वांत फसवी तुलना बेरजेची. १ ते १० लाखांची बेरीज ईचने केली तर खरोखर १० लाख फेऱ्या होतात. पूर्णांकांच्या रेंजवर (‘१ ते १० लाख’ अशा पल्ल्यावर) सम ही बेरजेची मेथड वापरली तर रुबी सूत्राने थेट उत्तर काढते. तिथे लूपच नसतो, त्यामुळे लूपची तुलनाही होत नाही.

निकाल आवृत्तीला बांधलेले असतात. पूर्वी ॲरेवरील (घटकांच्या क्रमवार यादीवरील) ईच सी भाषेत लिहिलेला होता आणि सीमधून रुबीच्या ब्लॉककडे जाताना वायजिट या रुबीच्या जेआयटी कंपायलरला (प्रोग्रॅम चालू असतानाच त्याचे वेगवान मशीन कोडमध्ये रूपांतर करणाऱ्या भागाला) पलीकडचे पाहून सुधारणा करता येत नसे. डिसेंबर २०२४ मधील ३.४ आवृत्तीत तो रुबीतच नव्याने लिहिला गेला. त्यामुळे जुन्या आवृत्तीवरचे आकडे आज जसेच्या तसे उद्धृत करू नयेत. प्रत्येक निकालाशेजारी रुबीची आवृत्ती आणि वायजिट चालू होते की बंद, हे लिहिलेच पाहिजे.