पडत्या संघाची खुर्ची कोणाला हवी असते?

जुलै २०२५ मध्ये भारताचा पुरुष फुटबॉल संघ फिफाच्या यादीत १३३ व्या क्रमांकावर घसरला. हाँगकाँगकडून पराभव पदरी पडला होता, प्रशिक्षक मानोलो मार्केझ पद सोडून गेले होते आणि देशातली मुख्य लीग, इंडियन सुपर लीग, होणार की नाही याचाच पत्ता नव्हता. तरीही त्या जागेसाठी १७० अर्ज आले. झावी आणि ग्वार्दिओला या नामवंत स्पॅनिश प्रशिक्षकांच्या नावाने आलेले बनावट ईमेल बातम्यांत गाजले, पण उरलेले बरेच अर्ज मनापासून केलेले होते. नाशिकमध्ये सरावानंतर मैदानाच्या कडेला बुटांच्या नाड्या सोडत बसलेली पोरं तेव्हा विचारायची, ‘सर, अशी टीम कोण घेईल?’

याचं उत्तर इंग्लंडच्या जुन्या इतिहासात सापडतं, आणि तिथले मॅनेजर ब्रायन क्लफ यांच्याइतकं ते कुणीच स्पष्ट दाखवलेलं नाही. १९७४ साली त्यांना लीड्स युनायटेड मिळाला. नुकताच लीग जिंकलेला, नावाजलेल्या खेळाडूंनी भरलेला संघ. पण ते खेळाडू आधीचे मॅनेजर डॉन रेव्ही यांना मानणारे, आणि क्लफ यांनी याच संघावर पूर्वी जाहीर टीका केलेली. ४४ दिवसांत त्यांची गच्छंती झाली. जानेवारी १९७५ मध्ये ते नॉटिंगहॅम फॉरेस्टला गेले. हा क्लब दुसऱ्या डिव्हिजनमध्ये तेराव्या क्रमांकावर रखडला होता. तिथे गमावण्यासारखं काही नव्हतं. हवे ते खेळाडू आणता येत होते, जुन्या यशाशी रोज तुलना होत नव्हती. १९७७ मध्ये संघ पहिल्या डिव्हिजनमध्ये चढला, १९७८ मध्ये लीग जिंकला आणि १९७९ व १९८० असे सलग दोनदा युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांचा सर्वात मोठा चषक, घेऊन आला. माझ्या मते भरल्या घरापेक्षा पडकं घर का परवडतं, ते या दोन नेमणुका शेजारी ठेवल्या की कळतं.

नोव्हेंबर १९८६ मध्ये ॲलेक्स फर्ग्युसन मँचेस्टर युनायटेडला आले तेव्हा संघ २२ जणांत एकविसावा होता. पहिला चषक मिळायला १९९० उजाडलं, लीगसाठी १९९३. क्लबने तेवढा धीर धरला. तेवढा वेळ आज कुणाच्या वाट्याला येतो? मालकांचंही गणित असंच असतं. वेल्समधला रेक्सम २०२१ मध्ये दोन अभिनेत्यांनी घेतला तो इंग्लंडच्या लीगमध्ये पाचव्या पायरीवर असताना, आणि २०२३ ते २०२५ असा तो सलग तीन वर्षं वर चढला.

आपल्याकडचं सगळ्यात बोलकं उदाहरण खालिद जमील यांचं आहे. २००९ पासून ते मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते. तिथून बाहेर पडल्यावर त्यांनी मिझोरमचा आयझॉल एफसी हाती घेतला. हा संघ आदल्या हंगामात आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून खाली घसरलेला. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून त्याला परत जागा मिळाली होती. पैसा बेताचा, नावाजलेले खेळाडू नाहीत. जमील यांनी ओळखीचे काही खेळाडू सोबत घेतले. जयेश राणे आणि आशुतोष मेहता त्याच संघात खेळले. एप्रिल २०१७ मध्ये आयझॉलने मोहन बागानला एका गुणाने मागे टाकून विजेतेपद मिळवलं. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेला आणि पुढे बंद पडला. दोन वर्षांनी पुण्याचा एफसी पुणे सिटीही संपला. त्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबने घेतली. नाशिकच्या पोराला सर्वात जवळच्या दोन मोठ्या शहरांतली दोन दारं अशी बंद झाली, याची खंत मला आजही आहे.

राष्ट्रीय संघाच्या बाबतीतही हे आधी घडलं होतं. २०१५ च्या सुरुवातीला स्टीफन कॉन्स्टंटाइन प्रशिक्षक म्हणून दुसऱ्यांदा आले तेव्हा भारत १७१ वा होता. २०१७ मध्ये तो ९६ व्या क्रमांकापर्यंत चढला. २०२५ च्या अंतिम तीन नावांत ते पुन्हा होते. ऑगस्टमध्ये जबाबदारी जमील यांच्याकडे गेली. सप्टेंबरमध्ये मध्य आशियाच्या स्पर्धेत ओमानला पेनल्टीवर हरवून भारत तिसरा आला. ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून २-१ अशी हार झाली आणि आशियाई चषकाचा रस्ता बंद झाला. इंडियन सुपर लीग नेहमीच्या वेळेला सुरूच झाली नव्हती. हंगामातले सामने न खेळलेले खेळाडू घेऊन कोणता प्रशिक्षक काय उभं करणार?

म्हणून क्रमांक पाहून या खुर्चीची किंमत ठरवू नये, असं मला ठामपणे वाटतं. येणारा माणूस घसरण पचवतो. त्याला सामने, वेळ आणि निवडीचा हक्क लागतो. नाशिकच्या शाळांमध्येही हेच चालतं. हरलेल्या टीमला नवा सर मिळतो. तो मागचे निकाल विचारतही नाही. पावसाळ्यात मैदान मिळेल का आणि वर्षाला मॅच किती होतील, हे मात्र तो पहिल्याच भेटीत विचारून घेतो.