कोषातला ‘लगदा’: पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यात तुती लावणाऱ्याला रेशीमअळीचं वेळापत्रक कुणी शिकवावं लागत नाही. चार वेळा कात टाकून झाली, पाला सोडला, अंग पिवळसर-अर्धपारदर्शक दिसू लागलं की अळी चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या जाळीवर. कोष विकायला उशीर झाला तर पतंग बाहेर पडतो आणि सलग धाग्यावर पाणी सोडावं लागतं. हा पतंग म्हणजे फुलपाखरू नव्हे, पण कोषाच्या आत अळीचं रूप पालटण्याचा कारभार तोच.

तो कारभार कळला तोही बराचसा याच किड्यामुळे. १९३८ मध्ये रेशीमअळीच्या मेंदूमागच्या दोन बारीक ग्रंथी काढल्या, तर ती वेळेआधीच, लहानपणीच प्युपा (अळी आणि पतंग यांमधली अवस्था) झाली. म्हणजे तिथून स्रवणारं काहीतरी तिला ‘अळीच राहा’ म्हणत होतं. १९५४ मध्ये कात टाकायला लावणारं संप्रेरक जर्मनीत शुद्ध स्वरूपात मिळालं: सुमारे ५०० किलो रेशीमप्युपांतून जेमतेम २५ मिलिग्रॅम! सगळ्या अळ्या एकदम कोषावर याव्यात म्हणून शेवटी पाल्यावर जे औषध मारतात, ते याच संप्रेरकाच्या जातकुळीतलं.

घोळ आहे तो पुढचा. अळी आत पूर्ण वितळते, तिचा लगदा होतो आणि त्यातून फुलपाखरू घडतं, असं शाळेपासून माहितीपटांपर्यंत सर्रास सांगतात. ताजा प्युपा फुटला तर पातळ द्रव ओघळतो, त्यामुळे पटतंही. स्नायू आणि आतडं मोठ्या प्रमाणात मोडतं, हे खरंच. पण पंखांची बीजं अळीच्या अंगात आधीपासून असतात. एका डच शरीरशास्त्रज्ञाने अळी चिरून ती दाखवली, त्याचा ग्रंथ १६६९ चा. तरी लगदा टिकलाच, कारण ऐकायला तो झकास वाटतो. २०१३ मध्ये जिवंत प्युपांचं क्ष-किरण स्कॅनिंग झालं, तेव्हा श्वासनलिका पहिल्याच दिवशी स्पष्ट दिसल्या.

सगळंच वितळत नाही याची आणखी एक खूण त्याआधीची: २००८ मध्ये तंबाखूवरच्या एका पतंगाच्या अळ्यांना विशिष्ट वासासोबत विजेचा सौम्य झटका दिला होता. अळीपणाच्या शेवटच्या अवस्थेत (दोन कातींमधल्या टप्प्याला अवस्था म्हणतात) हा धडा मिळालेल्यांपैकी बहुतेकांनी पतंग झाल्यावरही तो वास टाळला. तिसऱ्या अवस्थेत शिकलेले मात्र विसरले. वास प्युपाच्या कवचाला चिकटून राहिला असेल, ही शंका होतीच. म्हणून काही प्युपा धुऊनही पाहिले. फरक पडला नाही.